शाळेच्या बसचं इंजिन

अमेरिकेत, इंडियानातल्या ड्रॅग रेसच्या, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या मोटार शर्यतींच्या मैदानावर कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे उभे होते.

“ऑर्विलच्या निळ्या गाडीत शाळेच्या बसचं डिझेल इंजिन आहे, ड्वेन.”

“मग कायद्याने शाळेच्या बसला थांबावं लागतं तशी तीही प्रत्येक रेल्वे फाटकापाशी थांबत असेल, फाटक उघडं असलं तरी.”

“हस लेका. पेट्रोलवाल्यांना हरवून तो त्याच गाडीने घरी जायचा. तुझी गाडी अजून ट्रेलरवरून येते.”

“मान्य. माझ्या हातून तसं काम झालं नसतं.”

“आता तो गेला. मुलगी आज गाडी विकतेय म्हणे.”

“घेणारा आधी ते इंजिन उपटून टाकेल, बघ.”

मी रांग सोडली. गाडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ‘विकायची नाही’ असं सांगितलं आणि बाबांच्या निळ्या गाडीची चावी फिरवली.

घराच्या वाटेवरचं रेल्वे फाटक उघडंच होतं. मी तिथे गाडी थांबवली.