लोखंडाची पुली

आता हसू येतं, पण तवा लई शरम वाटली होती. एका दुष्काळात मी किल्लारीकडं पाण्याचा टँकर चालवायचो. एक दिवस इंजिनाची पुढची पुली फुटली. त्या पुलीत रबराची कडी असते, ती इंजिनाचे हादरे गिळते. तसली पुली कुठं मिळंना, म्हणून लातूरच्या लेथवाल्यानं अख्खी लोखंडाची करून दिली. म्हणाला, "फिरल्याशी मतलब. रबर काय करायचंय?"

पुली फिरली, पण सगळा टँकर थरथरायला लागला. गावात पत्र्याच्या घरांपुढं जाऊन उभा राहिलो, तर माणसं लेकरं उचलून पटापटा बाहेर! भूकंपापासून तिथं घरोघरी तांब्यावर पेला पालथा ठेवायचे. पेला पडला की बाहेर पळायचं. माझ्या इंजिनानं सगळ्या आळीचे पेले पाडले होते.

आठ दिवस तसंच चाललं. मग मात्र पेला पडला की लोक घागरी घेऊनच बाहेर यायला लागले.

शेवटी रबराची पुली मिळाली. टँकर एकदम गुपचिप. पाणी वाटून निघालो, तर त्याच आळीतली शेवंतामावशी रिकामी घागर घेऊन मागं पळत आली.

"काय केलंस रे गाडीला?"

"नीट केली, मावशी. आता पेला पडत न्हाई."

"पेला पडायचा तवा घागर तरी भरायची. ती जुनीच बसव, बाबा!"