डायमधला वाळूचा कण

मोंटानातल्या आमच्या गावात बंदुकांचं दुकान एकच. मी छऱ्यांच्या डब्यासाठी उभा होतो. पुढे म्हातारे व्हर्नकाका दुकानदार डेलला काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी दाखवत होते; वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्याआधी ज्या पोलादी साच्यात दाबून मापात आणतात, ती डाय त्यांच्या दुसऱ्या हातात होती.

“बघ, पुन्हा ओरखडा. डायमध्ये दाबली की उठतोच.”

“बघू डाय. अहो काका, आत वाळूचा कण रुतलाय! पुंगळ्या पुसून घालता ना?”

“घालतो की.”

“गेल्या महिन्यात डाय आतून आरशासारखी घासून दिली होती मी.”

“तुझं घासणं कच्चं असेल.”

“माझं? बरं, बसा. पाच मिनिटांत करून देतो.”

“बसतो. कॉफी आहे?”

“असेल कपभर, सकाळची. काका, ही पुंगळी मागच्या खेपेचीच ना? माझी शाईची खूण आहे हिच्यावर, आणि आत नवी काजळीही नाही.”

“असेल.”

“म्हणजे मधे बार काढलाच नाहीत. बार उडाल्याशिवाय पुंगळी फुगत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग पुन्हा दाबली कशाला?”

“हाताला सवय.”

“यंदा शिकारीला गेलात की नाही?”

“शिकारीतला जोडीदार रॉयच देवाघरी गेला, आता कुणाबरोबर जाऊ? एल्क हरणाचं धूड काय एकट्याने ओढून आणू डोंगरावरून? ते जाऊ दे. झाली का डाय?”

“नाही. ठेवून जा. गुरुवार उजाडेल.”

“आत्ता तर पाच मिनिटं म्हणालास!”

“तेव्हा नीट बघितलं नव्हतं. गुरुवारी सकाळी या, ताजी कॉफी टाकतो.”

“बरं. पुंगळ्या आणू?”

“आणा. आणि पुसू नका.”