हिमरूच्या मागाला सरकारी मदत

सरकारनं धंद्याला हात द्यावा म्हणता, तर निजामाच्या वक्तातलं ऐका. आमचे शेजारी रहीमचाचा हिमरूच्या शाली विणायचे. एकदा सरकारी कचेरीतले साहेब आले अन् म्हणाले, "मियाँ, हा हुन्नर जपायचाय. तुमचा माग हैदराबादच्या नुमाइशीत मांडू." अन् माग उचलून नेला की!

चाचांचं काम थांबलं, चूल थंडावली. नुमाइशीचं प्रदर्शन संपलं तरी माग येईना, म्हणून आम्ही दोघं कचेरीत गेलो.

साहेबांनी विचारलं, "धंदा चालू की बंद?"

"माग तुमच्याकडं हाय, हुजूर. चालंल कसा?"

"बहोत खूब! बंद पडलेल्या धंद्यालाच सरकार मदत देतं."

मग जलसा झाला, अन् चाचांचाच माग त्यांना मदत म्हणून बहाल केला. सलाम करून चाचा म्हणाले, "हुजूर, एवढी मदत जन्मभर पुरंल."