सायकल डावीकडे ओढते

पंक्चर निघेपर्यंत मी कासिमभाईंच्या दुकानात बाकावर बसलो होतो. माझ्याआधी एक निवृत्त गृहस्थ आपली जुनी स्टीलची रेसर सायकल घेऊन उभे होते.

“कासिमभाई, ही डावीकडे ओढते.”

“अनंतराव, आठवड्यात तिसऱ्यांदा आलात. चाक सरळ आहे, चाक धरणारा फोर्कही सरळ आहे.”

“मग बेअरिंग गेलं असेल.”

“परवा आणलीत तेव्हा मी दोन्ही हात सोडून चौकापर्यंत चालवली. नाकासमोर गेली. खड्डे तर असे गिळते की पाठीला कळत नाही.”

“तुमच्यासमोर बरी शहाण्यासारखी वागते.”

“घरी वहिनींशी काही बोललात?”

“मंदाकिनीला कळलं तर ती सायकलच विकेल. तुम्ही फोर्क वाकलाय म्हणा ना.”

“नसलेला दोष काढतो म्हणून गिऱ्हाइकं भांडतात माझ्याशी. मागून घेणारे तुम्ही पहिले.”

“म्हणजे नाही काढणार?”

“जरा हा पाना धरा. उजव्या नाही, डाव्या हातात.”

पाना खाली पडला.

“तेलकट आहे तुमचा पाना.”

“आत्ताच पुसून दिला, अनंतराव.”

अनंतराव डाव्या हाताने पाना उचलायला गेले; तो पुन्हा निसटला.

“रिक्षा बोलावतो. दवाखान्यात मी येतो बरोबर.”

“बोलवा. पण परत आल्यावर फोर्क एकदा बघा.”