सगळे रिपोर्ट ‘प’च्या खणात

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या कंपनीच्या संचालिका दमयंतीताई, व्यासपीठावरील पाहुणे, बढती घेऊन पुण्याला निघालेले आपले मॅनेजर धवलसर, आणि नागापूरच्या या कँटीनमध्ये जेवण लांबलं तरी शांत बसलेल्या सहकाऱ्यांनो,

सरांविषयी चांगलं बोल, असं मला बजावलं आहे. तेव्हा त्यांच्या हॅश टेबलविषयी बोलतो.

राजूरची रेश्मा आमच्याकडे नवी प्रोग्रॅमर म्हणून आली. तिने सरांना विचारलं, "सर, हॅश टेबल म्हणजे काय?" सर म्हणाले, "का, गूगल बंद पडलंय?" केवढं हे मार्गदर्शन! मग मी सांगितलं. हजारो रिपोर्टांतला एक हवा असेल तर सगळे चाळायचे नाहीत. माहितीवरूनच खणाचा नंबर काढायचा आणि थेट त्या खणात हात घालायचा. मात्र नंबर काढायची रीत अशी हवी, की रिपोर्ट सगळ्या खणांत पांगतील. एका खणात दोन-चार आले तर चालतं. सगळेच आले तर पुन्हा चाळणं आलं.

रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी ही रीत सरांनी स्वतः ठरवली: पेशंटच्या गावाचं पहिलं अक्षर. कुठल्या जिल्ह्यात? जिथे पारनेर आहे, पाथर्डी आहे, आणि पिंपळगावं किती ते विचारूच नका! सरांनी ‘ञ’लाही खण दिला. तिथे अजून कोणी राहायला आलेलं नाही. मी हरकत घेतली. सर म्हणाले, "रविकांत, तू फार खोलात जातोस." सरांवर हा आरोप कोणी करणार नाही.

लॅब सुरू झाली आणि ‘प’चा खण तुंबला. पारनेरच्या कडूबाई खिडकीत ओरडत होत्या, "आरं, रगात काडताना लई घाई हुती, आता रिपोट कुटं हाय?" लॅबवाल्यांचा फोन आला, तेव्हा सर म्हणाले, "नव्या मुलीने कोड बिघडवला." तिने सरांनी सांगितलं तेच लिहिलं होतं. तिला उद्यापासून येऊ नको म्हटलंय, सरांना शाल-श्रीफळ.

आता खण मोबाईल नंबरच्या शेवटच्या आकड्यांवरून ठरतो आणि लॅब सुरळीत चालते. रेश्मा मागच्या रांगेत बसली आहे. ताई, तिला काढायचा तुमचा निर्णय अजून बदलता येईल.

आयोजकांचे आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. यानंतर सत्कारमूर्तींचं मनोगत आहे. गावाच्या अक्षराची ती रीत कोणाची, एवढं त्यांनी आधी सांगावं.

धवलसर, माईक घ्या.