गच्चीवरचं व्याकरण

(सोलापूर, शुक्रवार पेठ. रविवारची सकाळ. करकंबहून मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला आली आहेत. मोठी माणसं खाली, 'दोघांना बोलू द्या' म्हणून ही दोघं गच्चीवर.)

सृष्टी : थांबा, थांबा. ट, ठ, ड, ढ, चारही काढून टाकले?

शिवराज : हो. कानाला टोचतात ते. मी स्वतः बनवलेल्या भाषेत सगळं मऊ आहे. ल, म, न, य, व असं. एकूण दहा व्यंजनं.

सृष्टी : आणि 'क'?

शिवराज : 'क' चौथ्या वर्षी काढला.

सृष्टी : चौथ्या वर्षी! अहो, किती वर्षं चाललंय हे?

शिवराज : सात. ऑफिसमधून आलो की रोज दोन तास. भाषेचं नाव ओमेलू. हे बघा, पूर्ण व्याकरण. स्पायरल बाइंडिंग करून घेतलंय. ही कॉपी तुमच्यासाठी.

सृष्टी : मुलगी पसंत पडली की लोक साडी देतात हो.

शिवराज : पहिल्या पानावर तुमचं नावपण घातलंय.

सृष्टी : बघू. "सुलूयी"? ही कोण बाई?

शिवराज : तुम्हीच. सृष्टीमध्ये 'ट' येतो ना. बसत नव्हतं.

सृष्टी : म्हणून मलाच बसवलं होय! आमच्याकडं नवरीचं नाव बदलायला निदान अक्षता पडेपर्यंत थांबतात. बरं, ही वही याआधी कुणाकुणाला दिली?

शिवराज : दोघींना.

सृष्टी : मग?

शिवराज : एकीच्या मामांनी परत पाठवली. कुरियरनं.

सृष्टी : आणि दुसरी?

शिवराज : तिनं ठेवून घेतली. नकार फोनवर आला.

सृष्टी : ओमेलूत का मराठीत?

शिवराज : तुम्ही चेष्टा करताय.

सृष्टी : करतेय की. तुमच्या वडलांचं नाव धोंडप्पा. ओमेलूत त्यांना हाक कशी मारणार?

शिवराज : त्यांना हाक मारायची वेळच येत नाही. तेच मारतात.

सृष्टी : अगं बाई! आणि भांडायचं कसं या भाषेत?

शिवराज : भांडताच येत नाही. नकारच ठेवला नाहीये. कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही, त्यामुळं कुणी दुखावत नाही.

सृष्टी : समजा एखादीला चहा नकोय?

शिवराज : ती म्हणते, "चहा दूरच्या डोंगरावर सुखात असो."

सृष्टी : लई भारी! तिचं वाक्य पुरं होईपर्यंत सासू कप हातात देऊन मोकळी. हसू नका, मी गंमत करत नाही आता. मी काय काम करते माहीत आहे ना?

शिवराज : हो. पंढरपूरला कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवता. बायोडाटामध्ये वाचलं आणि मी लगेच आईला होकार कळवला. वाटलं, आवाज कळणारी मुलगी आहे.

सृष्टी : कळतात की. आमच्या शाळेत कौसर म्हणून पोरगी आहे, सात वर्षांची. तिला स्वतःचं नाव घेता येत नव्हतं. आरशापुढं बसायचं, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवायचा आणि 'क' काढायचा. आठ महिने, रोज. ज्या दिवशी "कौसर" म्हणाली, त्या दिवशी तिचे वडील, चांदसाब, शाळेच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. आणि तुम्ही 'क' फेकून दिलात, कानाला टोचतो म्हणून. राग येतो हो मला.

शिवराज : मी... मी हा विचारच केला नव्हता. सॉरी.

सृष्टी : असू दे. दुसरं विचारते. मघाशी खाली तुमचे वडील म्हणाले, लग्न झालं की मुलगी नोकरी सोडेल. माझ्या बाबांनी मान डोलावली. मला कुणी विचारलं नाही. तुम्ही तिथंच सोफ्यावर होता.

शिवराज : होतो.

सृष्टी : मग तोंडात काय धरलं होतं?

शिवराज : बाबांसमोर बोलायची पद्धत नाही आमच्यात.

सृष्टी : हितं बाबा नाहीत. हितं बोला. तुम्हाला काय वाटतं?

शिवराज : खरं सांगू? तुम्ही ती नोकरी सोडू नये. पंढरपूरला आमच्या ऑफिसची शाखा आहे. मी बदली मागू शकतो. आठवडाभर हाच विचार करतोय. तिथं दोन खोल्या बघितल्याही, ऑनलाइन.

सृष्टी : व्हय?

शिवराज : हो.

सृष्टी : हे बोललात ते लई बरं वाटलं. सरळ सांगते, मला तुम्ही आवडलाय. येडे आहात, पण लबाड नाही. माझी नोकरी राहणार असेल तर माझा होकार आहे. नसेल तर आजच संपलं. मात्र खाली मी बोलले की आगाऊ ठरते, तेव्हा तुम्ही सांगायचं.

शिवराज : सांगतो. नक्की सांगतो.

सृष्टी : म्हणून दाखवा.

शिवराज : इथं?

सृष्टी : माझ्या पोरांकडून मी दहा दहा वेळा म्हणवून घेते. म्हणा.

शिवराज : बाबा, सृष्टी नोकरी सोडणार नाही.

सृष्टी : पुटपुटू नका. पुन्हा.

शिवराज : बाबा, सृष्टी नोकरी सोडणार नाही!

सृष्टी : शाब्बास! बघा, 'ट' आला, 'क' आला, 'ड' आला. कुठं टोचलं का?

शिवराज : नाही. उलट छातीत मोकळं मोकळं वाटलं. खरंच सांगतो.

धोंडप्पा : (जिन्यातून) का बे शिवराज, झालं का न्हाय बोलून? खाली समदं ठरलं. म्हैनाअखेर पोरीनं शाळंत राजीनामा द्यायचा. तिचे वडील तयार हायत.

शिवराज : बाबा...

धोंडप्पा : काय?

सृष्टी : म्हणा की.

शिवराज : बाबा, ते... सृष्टी...

धोंडप्पा : आरं बोल की पटकन. पेढ्याचा पुडा हातात घिऊन हुबा हाय मी. तुजं काय येगळं म्हननं हाय व्हय?

शिवराज : नाही, बाबा. तुम्ही म्हणाल तसं.

सृष्टी : 'नाही' किती स्वच्छ म्हणता येतं हो तुम्हाला.

धोंडप्पा : काय म्हनली पोरगी?

सृष्टी : पुडा फोडू नका म्हटलं, काका. आमची साडेअकराची एसटी आहे.