गादीत शिवलेल्या फोनबाबत

मी, गल्लीत जिला सोफेवाली काकू म्हणतात ती, वय ५८ वर्षे, धंदा सोफे व खुर्च्यांच्या गाद्या भरणे आणि शिवणे, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, आज रोजी स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन, कोणी काही शिकवलेलं नसताना, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

सदर दुकान माझ्या पतीच्या नावावर आहे. लाकूडकाम आणि ठोकाठोकी ते करतात, कापणं-शिवणं माझ्याकडे. आम्हाला एकच मुलगी. लग्न होऊन ती लांब असते, विमानाशिवाय जाता येत नाही. तिला आठवा महिना चालू आहे. मागच्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं, म्हणून डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलंय आणि तिच्या कानावर काही वाईट घालायचं नाही अशी आम्हाला सक्त ताकीद आहे. हे आधी लिहा असं मी साहेबांना म्हटलं. त्यांनी विचारलं होतं फोनबद्दल, पण फोनचं सगळं यावरूनच झालं.

मागच्या खेपेला आम्ही तिच्याजवळ नव्हतो. विमानाच्या भाड्याची जुळवाजुळव होईपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, कापडाच्या घाऊक दुकानात टेबल मांडून बसलेल्या एका टायवाल्यानं माझ्या पतीला क्रेडिट कार्डाबद्दल सांगितलं. जितकी खरेदी कराल तितके पॉइंट, आणि पॉइंट साठले की विमानाची तिकिटं फुकट. वर चाकांची बॅग भेट. बॅग मीच निवडली, निळी. व्याजाचं तो काही बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण आम्हाला उधार घ्यायचंच नव्हतं, तिकिटं घ्यायची होती.

तेव्हापासून पतीनं दुकानाचा फोम, कापड, खिळे, डिंक सगळं कार्डावर घ्यायला सुरुवात केली. मग गल्लीतल्या पडदेवाल्याचं आणि पॉलिशवाल्याचंही सामान ते आपल्याच कार्डावर आणू लागले. ते दोघं ह्यांना रोख पैसे देत. पती ते पैसे कपाटात ठेवत आणि पॉइंट मोजत. माणसाला इतकं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

बँकेचं बिल यायचं. त्यात पूर्ण रक्कम लिहिलेली असे आणि खाली, कमीत कमी इतके भरा, असा छोटा आकडा असे. पती तो छोटा आकडा न चुकता भरत. साहेबांनी विचारलं, रोख घरात होती तर पूर्ण का नाही भरली. त्याचं कारण असं की आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी विसार देतं आणि बाकीचे पैसे माल हातात पडल्यावर. आधीच सगळे पैसे दिले तर कारागीर काम रखडवतो, हे आम्हाला कोणी सांगायला नको, आम्ही कारागीरच आहोत. पती म्हणत, छोटा आकडा हा विसार, तिकिटं हातात पडली की बाकी चुकती करू. सगळं आधीच भरलं तर बँक तिकिटं कशाला देईल? मला ते पटलं. आजही कोणी कारागीर भेटला तर त्याला पटेल.

पुढे बाकी इतकी फुगली की कपाटातले सगळे पैसे भरले तरी ती भागेना. त्यात दुकानाला मंदी आली आणि विसारही तटला. मग वसुलीचे फोन सुरू झाले. पती फोन घेऊन मागच्या बाजूला जायचे आणि तोंड पाडून परत यायचे. जेवण कमी झालं. मी काही विचारलं की खेकसायचे, आणि खेकसणं त्यांच्या स्वभावात नाही.

आज सकाळी दुकान उघडल्यावर मी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून दुरुस्तीला आलेल्या बाकाची लांब गादी शिवायला घेतली होती. तेवढ्यात आता इथे समोर बसलेले वसुलीचे गृहस्थ आले. पन्नाशीचे असतील. नीट बोलले, काकू म्हणाले. ते बाकावर टेकायला लागले तेव्हा मी त्यांना उठवलं, कारण बाक गिऱ्हाइकाचा आहे. ते मुकाट्यानं स्टुलावर बसले. ते शिव्या देत आले असं मी म्हणणार नाही.

पतीनं त्यांना विसाराची हकिकत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी आमच्याच पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं. शंभराच्या खरेदीवर पॉइंट मिळतात एका रुपयाच्या किमतीचे. पूर्ण बिल न भरता छोटा आकडा भरला, तर त्याच शंभरावर दर महिन्याला साडेतीन व्याज. शिवाय एकदा बाकी राहिली की नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. म्हणजे गल्लीतल्यांचं सामान आणून आम्ही आमचं व्याज वाढवत होतो. पती पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, “पॉइंट तरी राहिलेत ना?”

थकबाकी असली की पॉइंट गोठतात, वापरता येत नाहीत, असं सदर गृहस्थांनी सांगितलं. पतीनं हातातली हातोडी खाली ठेवली. मी इकडे वाकडी सुई ओवून घेतली.

त्याच वेळी गृहस्थांना त्यांच्या ऑफिसातून फोन आला. पलीकडचा माणूस इतका चढ्या आवाजात बोलत होता की आम्हाला सगळं ऐकू येत होतं. आज काही घेतल्याशिवाय येऊ नकोस, एवढं तर स्पष्टच. गृहस्थांचे कान लाल झाले. फोन ठेवल्यावर त्यांचा नूरच पालटला. अर्जात संपर्कासाठी मुलीचा नंबर दिलेला आहे, आता तिच्याशीच बोलतो, असं ते म्हणाले. तो नंबर ह्यांनीच दिला होता. कुणाचा द्यायचा तर तिचाच ना, तिच्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

पतीनं हात जोडले. मुलगी कोणत्या अवस्थेत आहे ते सांगितलं. गृहस्थ म्हणाले, “काका, माझाही इलाज नाही.” आणि त्यांनी नंबर लावला. पलीकडे घंटा वाजलेली मला ऐकू आली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला, बंद करायचं बटण सापडेना म्हणून तसाच गादीच्या वीतभर उघड्या राहिलेल्या तोंडातून आत फोममध्ये खुपसला, आणि तोंड शिवून टाकलं. वाकडी सुई हातात होतीच. टाके बारीक आणि दुहेरी घातले. घाईत होते, पण वाईट शिवण माझ्या हातून निघत नाही. मला तो फोन नको होता. कोणाचीही वस्तू मी आजवर लांबवलेली नाही.

गृहस्थ गादी फाडायला सरसावले. पती आडवे झाले आणि म्हणाले, गिऱ्हाइकाचा माल आहे, त्याला हात लावायचा नाही. झटापट झाली नाही. गृहस्थ म्हणाले, मग चला पोलिसांत. मी म्हटलं, चला. गादी लांब असल्यामुळे एक टोक पतीनं धरलं, दुसरं गृहस्थांनी. मी कुलूप लावून मागून निघाले. वाटेत गादी वाजत होती. चपलांच्या दुकानापाशी बायका थांबून बघत होत्या. शेवटच्या चढावर पतीला दम लागला, तेव्हा गृहस्थांनी न सांगता गादी एकट्यानं खांद्यावर घेतली. हे त्यांनी आपल्या तक्रारीत सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

ठाण्यात साहेबांनी चाकू मागवला. गिऱ्हाइकाच्या कापडाला चाकू लागू देणार नाही, असं मी सांगितलं आणि माझ्याच कात्रीनं टाके उसवून फोन साहेबांच्या टेबलावर ठेवला. तो चालू होता. त्यावर ऑफिसचे बरेच चुकलेले फोन होते आणि एक माझ्या मुलीचा. साहेबांनी गृहस्थांना सांगितलं की वसुलीसाठी नातेवाइकांना असं गाठायची त्यांना परवानगी नाही आणि मी उलट तक्रार देऊ शकते. गृहस्थ मान खाली घालून बसले होते.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मुलीचाच नंबर होता. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, फोन उचलला, आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

मुलगी म्हणाली, “कोण बोलतंय? तुमचा मिस कॉल होता. माझ्या बाबांना काही झालंय का?”

गृहस्थ म्हणाले, “नाही हो ताई. मी त्यांचं गिऱ्हाईक. गादी झाली का ते विचारायचं होतं, चुकून तुम्हाला लागला. ते बरे आहेत. आत्ताच भेटलो त्यांना.”

तिचा श्वास सुटलेला ऐकू आला. ती म्हणाली, “पुन्हा भेटलात तर त्यांना एक सांगाल? मी सांगितलं की ऐकत नाहीत. म्हणावं, तिकिटं जमली नाहीत तर नाही जमली. तुम्ही जेवत जा. बाळ काही कुठं पळून जात नाही, सावकाश या.”

गृहस्थ “सांगतो” म्हणाले आणि फोन ठेवला. पतीकडे वळून त्यांनी तो निरोप सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना सांगता आलं नाही. पतीनं तोंडावर टॉवेल धरला होता. त्यानंतर गृहस्थांनी साहेबांना विचारलं, मी माझी तक्रार मागे घेऊ शकतो का.

माझी सदर गृहस्थांविरुद्ध काही तक्रार नाही. बँकेची बाकी आम्ही नाकारत नाही. साडेतीनाचं व्याज थांबवून साधे हप्ते बांधून द्यावेत म्हणून बँकेला अर्ज करायचा असतो, हे आम्हाला याच गृहस्थांनी इथे बसल्यावर सांगितलं, आणि मजकूरही तेच लिहून देत आहेत. कार्ड मी साहेबांच्या समोर माझ्या कात्रीनं कापलं. पती नको म्हणाले नाहीत.

माझा जबाब मला वाचून दाखवला. फोन ‘घेतला’ असं लिहिलं होतं, ते मी ‘ओढून घेतला’ असं करायला लावलं. मुलगी जे बोलली तो भाग साहेबांना पुन्हा वाचायला सांगितला. पती बाहेर बसले होते, त्यांना आत बोलावून तिसऱ्यांदा वाचायला लावला. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.